लपवलेला रोगी

13 मार्च 1897 पासून पुण्याच्या पेठांमध्ये गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. डरहॅम लाइट इन्फन्ट्री या पलटणीतले हे शिपाई प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हुकमाने गाठीच्या तापाचे रोगी हुडकत होते. रोगी सापडला की त्याला प्लेगच्या इस्पितळात न्यायचे, घरातल्या बाकीच्यांना सेग्रिगेशनच्या छावणीत ठेवायचे, अंथरूण-पांघरूण आणि कपडे जाळायचे, जमीन उकरायची आणि भिंतींना चुना फासायचा, असा शिरस्ता होता. शिपाई देवघरात शिरतात, बायकांना तपासणीसाठी बाहेर काढतात, सामानसुमानाची नासधूस करतात, अशा तक्रारींनी त्या महिन्यांतली मराठी वर्तमानपत्रे भरून गेली होती. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. महाराष्ट्राला हा इतिहास स्वातंत्र्यलढ्याचे एक पान म्हणून पाठ आहे. सार्वजनिक आरोग्याचे पान म्हणून मात्र तो क्वचितच वाचला जातो, आणि तसा वाचला तर एक अडचणीची गोष्ट समोर येते. रोगी शोधा, वेगळा करा, त्याच्या संपर्कात आलेल्यांना बाजूला ठेवा, जागा निर्जंतुक करा, ही रँडच्या समितीची कलमे कागदावर पाहिली तर 2020 साली आपण ज्यांना ट्रेसिंग, आयसोलेशन, क्वारंटाइन आणि सॅनिटायझेशन म्हणत होतो, त्यांच्यापेक्षा फारशी वेगळी नव्हती. तरीही पुणेकरांनी रोगी लपवले, मृत्यू लपवले आणि जमेल त्यांनी गाव सोडले. नियम तोच असताना त्याचे फळ इतके उलटे का यावे, याचे उत्तर शोधल्याशिवाय पुढच्या साथीसाठी कोणतीही नियमावली लिहिणे व्यर्थ आहे.

माझ्या मते उत्तर असे आहे. साथीच्या काळातला नियम हा चोरीच्या किंवा दरोड्याच्या कायद्यासारखा नसतो. चोर लपणारच, हे गृहीत धरून पोलीस यंत्रणा उभी असते. त्याला पकडणे हे तिचे काम, आणि त्याने स्वतःहून पुढे यावे अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. साथीत मात्र साऱ्या यंत्रणेची मदार एकाच गोष्टीवर असते. ज्याला ताप भरला आहे, ज्याच्या काखेत गाठ आली आहे, ज्याच्या जिभेची चव गेली आहे, त्याने लगेच कोणाला तरी सांगितले पाहिजे. ही माहिती फक्त त्याच्याजवळ असते. नाकाबंदीवरच्या शिपायाला ती दिसत नाही. कोविडमध्ये तर लक्षणे दिसायच्या साधारण दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकत होता. म्हणजे रोग्याने उंबरठ्यावरच तोंड उघडले तरी आधीच उशीर झालेला असे. अशा वेळी त्याने भीतीपोटी आणखी तीन-चार दिवस तोंड मिटून काढले, तर त्या दिवसांत होणारी हानी कितीही दंड वसूल करून भरून निघत नाही. म्हणून साथीतला प्रत्येक नियम आणि प्रत्येक शिक्षा एकाच मापाने मोजली पाहिजे: हिच्यामुळे लपलेला रोगी पुढे येतो की आणखी आत दडतो? नियम कडक आहे की सौम्य, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे माप मुंबईच्या प्लेगला लावून पाहू. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ही साथ गाठीच्या प्लेगची असल्याचे ओळखले. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात महापालिकेने अधिसूचना काढून रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे आणि घरे साफ करण्याचे अधिकार हाती घेतले. इस्पितळ म्हणजे मरायला जायची जागा, ही तेव्हाची समजूत निराधार नव्हती. बहुतेक रोगी तिथे अखेरच्या अवस्थेतच पोहोचत आणि दगावत. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. शहरातले सफाई कामगारही भिऊन निघून गेले तर मुंबईचे काय होईल, या चिंतेने महापालिका आयुक्त स्नो यांना सक्ती सैल करावी लागली. तोवर पळापळ सुरू झाली होती. 1891 च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या आसपास असलेल्या या शहरातून 1897 च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले होते. रोगाच्या भीतीने किती गेले आणि इस्पितळाच्या भीतीने किती, याची वेगवेगळी मोजणी अर्थातच नाही. पण आगगाडीने आणि बोटीने पांगलेल्या त्या माणसांबरोबर साथही देशावर, कोकणात, गुजरातेत पोहोचली, आणि रोगाला कोंडून ठेवण्यासाठी केलेल्या सक्तीने त्याला गावोगाव नेणाऱ्या गर्दीत भरच घातली.

4 फेब्रुवारी 1897 रोजी आलेला साथरोग कायदा या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. अवघ्या चार कलमांचा तो कायदा सरकारला वाटेल ते उपाय योजण्याची मुभा देतो. तो घाईने करण्यामागे इथल्या लोकांच्या काळजीइतकीच युरोपातल्या बंदरांची काळजी होती. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती, आणि हिंदुस्थानातून येणारी जहाजे व माल अडवला जाण्याची टांगती तलवार ब्रिटिश व्यापारावर होती. आपण कठोर आहोत हे दाखवणे सरकारला गरजेचे होते, आणि ते ज्यांना दाखवायचे होते ते पुण्याच्या पेठांत राहत नव्हते. नियम कोणाला दाखवण्यासाठी पाळून घेतला जातो आहे, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर रस्त्यात उठाबशा काढायला लावलेला तरुण पाहून घरात बसलेल्यांना सरकार जागे असल्याचे समाधान मिळते. त्या तरुणाला उद्या ताप आला तर तो कोणत्या यंत्रणेकडे जाईल, याचा विचार त्या चित्रात नसतो.

सक्तीचा दुसरा दोष याहून खोल आहे, आणि त्याकडे कमी लक्ष जाते. रँडच्या शिपायांनी जे जाळले, खणले आणि धुतले, त्यातल्या बहुतेक कष्टांचा प्लेगच्या खऱ्या वाटेशी संबंधच नव्हता. 1894 साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी प्लेगचा जंतू ओळखला होता, पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा हे ठाऊक नव्हते. उंदरावरची पिसू तो आणते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगात दाखवले. तेही लगेच कोणी मान्य केले नाही. पुढच्या दशकात मुंबईत काम करणाऱ्या संशोधकांनी ते पक्के केल्यावरच वाद मिटला. म्हणजे 1897 मध्ये माणसांमागे धावणाऱ्या तुकड्या उंदरांकडे पाहतही नव्हत्या. उलट गावोगावच्या साध्या माणसांनी अनुभवाने एक गोष्ट हेरली होती: घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचे, शिवारात झोपड्या घालून राहायचे आणि साथ ओसरल्यावर परतायचे. उंदीर आणि पिसवा मागे राहत असल्यामुळे हा उपाय खरोखर उपयोगी होता, आणि पुढे सरकारनेही त्याला हातभार लावला. शास्त्र चुकते, याबद्दल शास्त्राला दोष देता येत नाही. नव्या रोगात ते चुकणारच. पण चुकीच्या नियमाला बंदुकीचे बळ मिळाले की ती चूक दुरुस्त व्हायला उशीर लागतो. ज्याच्या घराची जमीन उकरली आहे त्याला पुढच्या वर्षी सांगायचे की दोष उंदरांच्या पिसवांचा होता, तर तो दुसऱ्या खेपेला का ऐकेल?

2020-21 मध्ये हेच वेगळ्या वेषात घडले. कोविड पृष्ठभागांवरून पसरतो या समजुतीने सुरुवातीचे महिने भाजी धुण्यात, दारांच्या कड्या पुसण्यात आणि रस्त्यांवर औषध फवारण्यात गेले. मार्च 2020 च्या अखेरीस उत्तर प्रदेशातल्या बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर ब्लीचसारख्या द्रावणाचे फवारे मारण्यात आले. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला स्पष्ट सांगावे लागले की माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारणे हानिकारक आहे. जुलै 2020 मध्ये 239 शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून विषाणू हवेतून पसरतो हे मान्य करण्याची मागणी केली. बंद खोलीतली हवा हाच मुख्य धोका आहे हे हळूहळू स्पष्ट झाले, तरी अनेक शहरांत बागा, मैदाने आणि समुद्रकिनारे दीर्घकाळ बंद राहिले, आणि मोकळ्या हवेत एकटे फिरणारेही अडवले गेले. एप्रिल 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोटारीत एकट्याने बसलेल्या चालकालाही मास्क सक्तीचा ठरवला. कायद्याच्या भाषेत मोटार हे सार्वजनिक ठिकाण ठरवता येईलही. पण ज्या नियमाचे कारण पाळणाऱ्याला समजत नाही, तो नियम केवळ पावती फाडणाऱ्यापुरता उरतो. नाक्यावर हनुवटीचा मास्क वर जातो आणि नाका ओलांडला की खाली येतो. बंद दुकानात, कोंदट कार्यालयात, गर्दीच्या बसमध्ये, म्हणजे जिथे खरी गरज होती तिथे, तो वर राहील अशी खात्री त्या पावतीतून मिळत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. पुण्याचा राग हा परक्या सत्तेविरुद्धचा राग होता, तो आरोग्याच्या नियमांविरुद्धचा नव्हता. म्हणून 1897 चा दाखला आजच्या लोकशाहीला लावणे गैर आहे, असे म्हटले जाते. पहिला भाग खरा आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. टिळकांचा विरोध रोगी वेगळे ठेवण्याला नव्हता. पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात ते स्वतः पुढे होते आणि साथीत शहर सोडून जाणाऱ्या प्रतिष्ठितांवर त्यांनी टीका केली होती. सावित्रीबाई फुले तर पुत्र यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना स्वतः प्लेगने गेल्या, तारीख 10 मार्च 1897. पेठांमधल्या झडत्या सुरू व्हायला तेव्हा तीन दिवस उरले होते. समाजात रोग्याला हात लावायला तयार असलेली माणसे होती, सरकारने त्यांच्याऐवजी पलटण निवडली. आणि आपल्या राज्यात काय घडले? मार्च 2020 मध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का मारायला महाराष्ट्राने सुरुवात केली. काही दिवसांतच शिक्का असलेल्या चार प्रवाशांना सहप्रवाशांच्या तक्रारीवरून पालघरला गाडीतून उतरवण्यात आले. त्यांनी प्रवास करणे चूकच होते. तरीही ज्या खुणेने माणूस चारचौघांत कलंकित ठरतो, ती खूण बाहीखाली झाकण्याकडेच कल जाणार. त्याच वर्षी जूनमध्ये तमिळनाडूतल्या सातानकुळम इथे वेळेनंतर दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून पकडलेले बाप-लेक कोठडीतल्या मारहाणीनंतर मरण पावले. तिथे सरकार परके नव्हते, आणि दुकान बंद करण्याच्या वेळेपायी दोन जीव गेले.

सगळेच नियम सगळ्यांना पाळता येतात, हेही एक गृहीतक आहे. घरी बसा हा आदेश ज्याच्या घरात स्वतंत्र खोली, पगार आणि फ्रिज आहे त्याला पाळता येतो. हातावर पोट असलेल्याला घरी बसणे म्हणजे चौथ्या दिवशी चूल विझणे. 8 मे 2020 च्या पहाटे जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले 16 मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. नियम मोडण्याचे कारण बेफिकिरी नसून नाइलाज असतो, हे दाखवायला याहून दुःखद पुरावा नको. याच मुद्द्यावर इस्रायलमध्ये साथीच्या अगदी सुरुवातीला झालेले एक सर्वेक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. विलगीकरणाच्या काळातली मजुरी भरून मिळणार असेल तर नियम पाळू, असे 94 टक्के लोकांनी सांगितले. भरपाई नाही म्हटल्यावर हे प्रमाण 57 टक्क्यांच्याही खाली आले. ही तोंडी उत्तरे आहेत, प्रत्यक्ष वागणुकीची मोजणी नव्हे, हे मान्य. तरी हा फरक एवढा मोठा आहे की दंडाची रक्कम वाढवून तो भरून काढता येईल असे कोणी म्हणू नये.

धारावीचे उदाहरण इथे नीट पाहायला हवे, कारण त्याचे कौतुकही खूप झाले आणि त्यावर शंकाही घेतल्या गेल्या. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागेत साडेसहा लाखांहून अधिक माणसे, आठ-दहा जणांच्या खोल्या, बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. अशा ठिकाणी सहा फुटांचे अंतर ठेवा म्हणणे निरर्थक होते. पहिला रुग्ण 1 एप्रिल 2020 रोजी सापडला, आणि आता इथे हाहाकार माजणार असेच सर्वांना वाटले. महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने वस्ती सील केली आणि पोलीस बंदोबस्तही लावला. सक्ती तिथे होतीच. पण तिच्या जोडीला ज्या गोष्टी केल्या त्या निर्णायक ठरल्या, असे मी मानतो. वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना संरक्षक पोशाख, थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर देऊन कामाला लावले. गल्लीतला ओळखीचा डॉक्टर ताप विचारतो तेव्हा दार उघडते; अनोळखी पथक आले की तेच दार आतून बंद होते. शाळा, सभागृहे आणि क्रीडा संकुलात विलगीकरण केंद्रे उघडली, तिथे जेवण, औषधे आणि डॉक्टर होते; ज्याच्या घरात वेगळे झोपायला कोपरा नाही त्याला तिथे जाण्यात शिक्षेपेक्षा सोय अधिक वाटावी अशी व्यवस्था. शौचालये दिवसातून अनेकदा धुतली गेली. रुग्णवाढीचा दर एप्रिलमधल्या 12 टक्क्यांवरून जूनमध्ये एक टक्क्याच्या आसपास आला, आणि 10 जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा जाहीर उल्लेख केला.

शंका अशी की धारावीत साथ उपायांमुळे नव्हे, तर बहुतेकांना होऊन गेल्यामुळे ओसरली असेल. ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. जुलै 2020 मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतल्या तीन विभागांत केलेल्या रक्ततपासणीत झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे 57 टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण सुमारे 16 टक्के होते. धारावी त्या पाहणीत नव्हती, पण तिथेही नोंदींपेक्षा लागण बरीच जास्त झाली असणार हे मानायला हवे. मग उपायांचा उपयोग काय? हवेतला विषाणू दाट वस्तीत पूर्ण अडवणे अशक्य होते. पण ज्याचा ऑक्सिजन उतरतो आहे तो वेळेवर कळला, तर जीव वाचतो. त्यासाठी लागते तपासणीला स्वतःहून येणारे माणूस. आणि त्या 57 आणि 16 या आकड्यांत आणखी एक अर्थ दडला आहे: एकाच शहरात, एकाच टाळेबंदीत, एकाच कलमाखाली राहणाऱ्या दोन वस्त्यांत संसर्गाचा फरक साडेतीन पट होता. हुकूम दोघांनाही सारखाच लागू होता, तो पाळायला लागणारी जागा मात्र एकाच वस्तीकडे होती.

मास्कच्या बाबतीत याहून नेटका पुरावा बांगलादेशातून आला. नोव्हेंबर 2020 पासून पुढच्या काही महिन्यांत तिथल्या सुमारे 600 गावांत, तीन लाखांहून अधिक प्रौढांमध्ये, एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत घरोघरी फुकट मास्क वाटले, का वापरायचा ते सांगितले, मशिदीतल्या इमामांनी आणि गावातल्या मान्यवरांनी तो स्वतः लावला, आणि बाजारात फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी विनामास्क दिसलेल्याला तिथल्या तिथे थांबवून आठवण करून दिली. मास्कचा योग्य वापर साधारण 13 टक्क्यांवरून 42 टक्क्यांपर्यंत गेला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह सिद्ध झालेला संसर्ग सुमारे 11 टक्क्यांनी घटला, आणि साठीपुढच्या लोकांत ही घट त्याच्या तिप्पट होती. गावाला बक्षीस देणे किंवा मोबाइलवर संदेश पाठवणे यांनी वापरात काही भर पडली नाही. काम केले ते हातात पडलेल्या मास्कने आणि समोर उभ्या माणसाने. हे वाचताना मुंबईतला प्लेग आठवतो. 1897 मध्ये हाफकिन यांनी भायखळ्याच्या प्रयोगशाळेत बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि लोक लसीला बिचकत होते तेव्हा आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर ती जाहीरपणे टोचून घेतली. सव्वाशे वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या रोगांत एकच गोष्ट उपयोगी पडली: ज्याच्यावर विश्वास आहे त्याने आधी स्वतः करून दाखवणे.

मुंबईत मास्क एप्रिल 2020 मध्येच सक्तीचा झाला. विनामास्क फिरणाऱ्याला सुरुवातीला 1000 रुपये दंड होता. त्याच वर्षी तो 200 रुपयांवर आणला गेला. योगायोगाची गोष्ट, 1860 च्या दंडसंहितेतल्या कलम 188 मध्ये सरकारी आदेश मोडल्याबद्दल दंडाच्या मर्यादा याच होत्या, 200 आणि 1000. क्लीन-अप मार्शल नेमले गेले, कोट्यवधी रुपये जमा झाले, वसुलीवरून रस्त्यात हमरीतुमरीही झाली. नोव्हेंबर 2020 च्या अखेरीस महापालिकेने ठरवले की दंड भरणाऱ्याला पावतीबरोबर एक मास्कही द्यायचा. हा निर्णय मला मनापासून पटतो, फक्त क्रम उलटा होता असे वाटते. आधी मास्क, मग आठवण, मग दंड. ज्याच्याकडे मास्क आहे आणि तरी तो लावत नाही, त्याला दंड करण्यात कोणालाही अन्याय वाटला नसता.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. समजावून सांगण्याने ऐकणारे ऐकतील. पण जो मुद्दाम ऐकत नाही, त्याच्यामुळे इतरांचे प्राण जातात त्याचे काय? नियम पाळणाऱ्याला आपण मूर्ख ठरतो असे वाटू लागले की तोही पाळणे सोडतो. हे बरोबर आहे, आणि म्हणून शिक्षा पूर्णपणे गुंडाळून ठेवा असे मी म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे की ती कोणावर रोखायची. ज्याच्या हातात इतरांची सुरक्षितता असते आणि ज्याला नियम पाळणे परवडते, त्याच्यावर. हवा खेळती न ठेवता शंभर कामगारांना दाटीवाटीने बसवणारा मालक, मर्यादेच्या कितीतरी पट पाहुणे जमवणारा मंगल कार्यालयाचा चालक, सभेला गर्दी खेचणारा पुढारी, औषधांचा काळाबाजार करणारा. नोव्हेंबर 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने काढलेल्या नियमांत ही जाण थोडी दिसते: व्यक्तीला 500 रुपये, दुकान किंवा आस्थापनेला 10,000, आणि संस्थेने स्वतःच नियम मोडले तर 50,000 पर्यंत दंड. अशा शिक्षेने रोगी लपत नाही, कारण ती रोग्यावर नसते. आजारी असणे, संपर्कात आलेले असणे, चाचणी करून घेणे, यांपैकी कशालाही शिक्षेचा वास लागता कामा नये. गर्दी जमवून नफा किंवा नाव कमावणाऱ्याला मात्र ती जरूर लागावी. कलम 188 खाली टाळेबंदीत सामान्य माणसांवर गुन्ह्यांचा ढीग नोंदला गेला आणि 2022 मध्ये राज्य सरकारला ते मागे घेण्याचा निर्णय करावा लागला. जे गुन्हे शेवटी मागेच घ्यायचे, ते नोंदवण्यात खर्च झालेले पोलिसांचे दिवस परत येत नाहीत, आणि त्या काळात पोलीसही आजारी पडत होते, मरत होते.

वेळ नसतो, असेही म्हटले जाते. आग लागली असताना कोणी व्याख्यान देत बसत नाही. पण साथ रात्रीत पेटली तरी विश्वास त्या रात्री बांधता येत नाही, म्हणूनच तो आधी बांधून ठेवावा लागतो. आशा सेविका, गल्लीतला डॉक्टर, बचत गट, गणेश मंडळ, मशिदीचे विश्वस्त, गावची दक्षता समिती, ही माणसे साथीपूर्वीही दारात येत असतात. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर ऑक्सिजन आणि ताप मोजायला माणसे फिरली तेव्हा पलटणीची गरज पडली नाही. मुंबईच्या प्लेगमध्येही जनरल गॅटॅकर यांच्या समितीने 1897 मध्ये वेगवेगळ्या समाजांना स्वतःची खासगी इस्पितळे काढू दिली. इस्पितळाकडे पाठ फिरवणारे लोक ओळखीच्या हातांत रोगी सोपवायला तयार झाले. आणि शतक सरता सरता सरकारनेही झडत्या आणि सक्तीचे विलगीकरण सोडून ऐच्छिक लस आणि गाव रिकामे करणे यांवर भर दिला.

तरीही प्लेग थांबला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. सक्ती सैल झाल्यावरच्या दोन दशकांतही तो देशभर पसरत राहिला, आणि सारी बेरीज एक कोटी मृत्यूंच्या पलीकडे गेली. मग सौम्य धोरण अपयशी ठरले, असे कोणी म्हणू शकेल. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. प्लेग राहत होता उंदरांच्या बिळांत, धान्याच्या कोठारांत, अंधाऱ्या चाळींत. माणसांशी कठोर वागल्याने किंवा प्रेमाने वागल्याने बिळे बुजत नव्हती. त्याला हवी होती उजेडाची घरे, आणि 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार न्यासाने घरे बांधली त्याहून अधिक लोकांना हलवले, अशी टीका त्याच काळात झाली. सौम्य धोरणाने रोग जात नाही. त्याने फक्त रोगी दिसू लागतो. बाकीचे काम औषधाने, घराने, पाण्याने आणि हवेने करायचे असते, आणि रोगी दिसत नसेल तर तेही करता येत नाही.

साथरोग कायदा आजही तोच आहे. 2020 च्या दुरुस्तीने डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा ठरवली, ती हवीच होती. दंडसंहिता बदलली, तिचे 188 वे कलम आता भारतीय न्याय संहितेत 223 वे झाले आणि दंड 200 आणि 1000 वरून 2500 आणि 5000 वर गेला. 2024 च्या फेब्रुवारीत विधी आयोगाने आपल्या 286 व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे सांगून व्यापक दुरुस्ती किंवा नवा कायदा सुचवला. नवा कायदा होईल तेव्हा त्यात आदेशाचे कारण स्थानिक भाषेत लिहिण्याचे बंधन असावे, प्रत्येक आदेशाला संपण्याची तारीख असावी, विलगीकरणात ठेवलेल्याच्या मजुरीची आणि घरच्यांच्या शिध्याची जबाबदारी कोणाची ते नाव घेऊन लिहिलेले असावे, आणि चाचणीसाठी स्वतः आलेल्या माणसाची ओळख उघड करणाऱ्याला शिक्षा असावी. 1897 च्या मूळ चार कलमांत पहिले नावगावाचे, दुसरे सरकारच्या अधिकारांचे, तिसरे लोकांना शिक्षेचे आणि चौथे अधिकाऱ्यांना संरक्षणाचे आहे. दवाखान्याची पायरी स्वतःहून चढणाऱ्या रोग्यासाठी त्यात एकही ओळ नाही.